वैद्याची तलवार

आमच्या घाटनांदूरच्या घरात दुपारची जेवणं उरकली की माजघरात राक्षस निघायचे. ते काढायचं काम माझं. कॉलेजच्या वसतिगृहात मी हा खेळ शिकले होते. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं, आणि वार लागला की हुकला ते फाशावर ठरवायचं. लग्नानंतर मला इथं करमेना, तेव्हा मी सासूबाई, जाऊबाई आणि नणंद, तिघींना खेळायला बसवलं. पहिल्या दिवशी तिघी माझ्याकडं अशा बघत होत्या, जणू मला डॉक्टरकडं न्यायची वेळ आली आहे. पंधरा दिवसांत भाकरी थापताना राक्षसांच्या गप्पा सुरू झाल्या आणि भाकरी करपायला लागल्या.

जाऊबाई, म्हणजे घरातली थोरली, झाली योद्धा. नणंद चोर. सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणतो, त्या वैद्य झाल्या. "मारामारी तुमी करा, मी आपली दवापाणी बघते," म्हणाल्या. कोणाला कोणतं हत्यार, ते मी ठरवलं. योद्ध्याला सगळी हत्यारं खुली. चोराला फक्त सुरा, पण पाठीमागून मारला तर दुप्पट लागणार. वैद्याला धारेचं हत्यार बंद, नुसता सोटा. कारण जखमाही वैद्यच भरणार आणि तलवारही वैद्यच चालवणार, तर योद्ध्यानं काय टाळ्या वाजवायच्या? हा तोल मी दोन रात्री डोकं खाजवून बसवला होता आणि मला त्याचा भारी गर्व होता.

तो मोडला पालीच्या बिंदुसरा धरणाखालच्या भुयारात. पाली हे आत्याबाईंचं माहेर, म्हणून मी कौतुकानं भुयार तिथं काढलं, तर त्या माझ्यावरच उखडल्या. "माझ्या माहेरात कावून राक्षस घालती? तुज्या माहेरी जागा न्हाई का?" कसंबसं समजावून खजिन्याची पेटी उघडली. आत चांदीच्या मुठीची तलवार. हत्यारांची चित्रं मी जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर काढायचे, आणि ही तलवार तर फारच झकास जमली होती.

"मला ती तलवार पाहिजे," थोरली म्हणाली.

ही बाई कधी काही मागत नाही. दिवाळीच्या साड्या आल्या की आधी आत्याबाई निवडतात, मग नणंद, मग मी धाकटी म्हणून लाडाची, आणि उरेल ती थोरलीची. "मला काय, कोणतीबी चालती," हे तिचं ठरलेलं बोलणं. त्या दिवशी पहिल्यांदा तिनं तोंडानं मागितलं होतं.

आणि तोवर आत्याबाईंनी तलवार उचलून पानसुपारीच्या बटव्यात घातली होती.

"आत्याबाई, वैद्याला तलवार चालत नाही."

"मी कुठं चालवती? मी नुस्ती ठेवती. पैला मान मोठ्याचा असतो का न्हाई?"

झालं. आता मी नियमांवर नियम काढू लागले. प्रत्येक हत्याराला वजन लावलं, झेपेल तेवढंच उचलायचं म्हटलं, तर म्हणाल्या, "डोक्यावर दोन घागरी अन् कडंवर पोरगं घेऊन आमी शेतातून आलो, तुज्या तलवारीचं काय सांगती." त्यांचं मन वळावं म्हणून चमकणारा सोटा दिला. तो घेतला, आणि तलवारही ठेवली. पुढच्या पेटीत कुऱ्हाड निघाली, तिसरीत धनुष्य. बटवा फुगत चालला. इकडं थोरलीची जुनी तलवार एका लढाईत मोडली आणि आमचा योद्धा चक्क तुरीच्या काडीनं राक्षसाशी झुंजू लागला. नणंद हसून हसून आडवी पडायची. मी मात्र आतून धुमसत होते, कारण थोरली हसत नव्हती.

एका दुपारी भांडी घासताना ती हळूच म्हणाली, "दसऱ्यानंतर मी काय खेळायची न्हाई. मी आपली शिलाई मशीनवर बसते." मला इतकं वाईट वाटलं की ताट हातातून निसटलं.

मग खंडेनवमी आली. देवापुढं घरातली हत्यारं, अवजारं मांडली. विळा, खुरपं, कुऱ्हाड, नणंदेचा लॅपटॉप. थोरलीच्या शिलाई मशीनला झेंडूची माळ घातली. आमच्याकडं ज्याचं हत्यार त्यानंच त्याला कुंकू लावायचं. माझे फासेही तिथं होते, मी लावलं. तेवढ्यात आत्याबाईंनी बटवा उघडला आणि एकेक पत्रिका ओळीनं मांडली. सोट्याला कुंकू लावलं. तलवारीजवळ बोट नेलं आणि थांबल्या.

"आई, लाव की," नणंद म्हणाली. "का थांबलीस?"

आत्याबाई बोटावरच्या कुंकवाकडं बघत राहिल्या. मी तोंड दाबून बसले, आणि गप्प बसणं हे माझ्यासाठी लई अवघड काम आहे.

"थोरले, हिकडं ये," त्या शेवटी म्हणाल्या. "हिला कुकू लाव."

"राहू द्या आत्याबाई. मला काय, कोणतंबी..."

"गप. तवा तलवार मागितलीस ना? मंग आता पदर पसर."

आणि खरंच, ओटी भरावी तशी त्यांनी ती लग्नपत्रिका, वर ज्वारीचे दाणे, थोरलीच्या पदरात घातली. थोरलीनं तलवारीला कुंकू लावलं. रडत होती आणि हसतही होती. आम्हीही तेच करत होतो.

त्या दुपारी भुयारातल्या राक्षसावर तिनं पहिला वार केला. फासा गडगडत गेला आणि एक पडला. एक म्हणजे साफ हुकला, वर तलवार हातातून निसटली. असा माझा कडक नियम.

"मला काय दिसलं न्हाई," आत्याबाई छताकडं बघत म्हणाल्या.

नणंदेनं डोळे मिटून घेतले. तिघी माझ्या उत्तराची वाट बघत होत्या.

"मलाही नाही दिसलं," मी म्हणाले. "परत टाका, जाऊबाई."

दिवाळीला साड्यांची पिशवी आली. आत्याबाईंचा हात जांभळ्या काठाच्या साडीवर पडलाच होता, तेवढ्यात थोरली म्हणाली, "मला ती पाहिजे." आत्याबाईंनी साडी उचलली, उलटून पालटून बघितली आणि थोरलीच्या मांडीवर ठेवली.

"घे बाई," म्हणाल्या. "मी आपली वैद्य. मला सोटा बास."