चपला आत

कुणाच्याही घरी गेलो की मी चपला काढतो, हातात घेतो आणि दाराच्या आत नेऊन ठेवतो. माझ्या घरात आता हे कुणाच्या लक्षातही येत नाही. पण वडनेर भोलजीला मित्राकडे गेलो की वहिनी दर खेपेला हटकतात, "भाऊजी, राहू द्या ना बाहेर! कोन नेऊन राह्यलं तुमच्या चपला?" आणि मित्र आतून ओरडतो, "राहू दे वं. त्याले अजून रेक्टरचा भेव वाटते."

हे भेव मी शहरातल्या मोठ्या विद्यापीठातून आणलं. पदवीबरोबर.

तिथल्या वसतिगृहात ज्याला खोली मिळत नसे तो दुसऱ्याच्या खोलीत गुपचूप राही. त्याला सगळे पॅरासाइट म्हणत. ती शिवी नव्हती. "तुझ्याकडे यंदा किती पॅरासाइट?" असं पोरं एकमेकांना सहज विचारत. खोलीत दोन खाटा, आणि मधल्या फरशीवर आमची सतरंजी. डबा एकाचा, पोळ्या दोघांच्या. नळाला पाणी आलं की दारावर ज्याचं नाव आहे त्याची आंघोळ आधी. आणि सगळ्यांत मोठा नियम असा की पॅरासाइटच्या चपला कधीही बाहेर दिसू द्यायच्या नाहीत. रेक्टर दार ठोठावत नसत. ते व्हरांड्यातून नुसते चपलांचे जोड बघत चालत जात. पाटीवरच्या नावांपेक्षा जोड जास्त दिसले की थांबत.

मी ज्याच्या फरशीवर होतो तो माझ्याच गावचा, भूगर्भशास्त्रात माझ्या एक वर्ष पुढे. माझा पहिल्या वर्षाचा निकाल लागला त्या दुपारी मी जिने धावत चढलो, चपला दारातच उडवल्या आणि आत शिरून त्याला मिठी मारली. रेक्टर मागोमाग होतेच. पाटीवर दोन नावं, दारात तीन जोड.

"हा जोड कुणाचा?"

"माझाच, सर," मित्र म्हणाला.

"आणि हा?"

"तोही माझाच."

"दोन्हींचे नंबर वेगळे आहेत."

"सर, माझे पायच सारखे नाहीत."

व्हरांड्यातली पोरं हसली. रेक्टर हसले नाहीत. त्याची खोली रद्द झाली. बाहेर खोली घेण्याची त्याची ऐपत नव्हती. शेवटचं वर्ष अर्ध्यात सोडून तो गावी निघाला. एसटी स्टँडपर्यंत ट्रंकेची एक कडी त्याच्या हातात होती, एक माझ्या. गाडी हलली, आणि मी मागे वळून दुसऱ्या इमारतीत दुसऱ्या एका फरशीवर झोपायला गेलो. ती जागा मी आदल्या दिवशीच बघून ठेवली होती.

यातलं सगळं त्याला माहीत आहे, वहिनींना माहीत आहे, माझ्या बायकोला लग्नाआधीपासून माहीत आहे. माहीत नव्हतं ते बाकीच्यांना. मी मेहकरला कॉलेजात शिकवतो, लोणारच्या दगडांवर शाळकरी मुलांसाठी एक लहानसं पुस्तक लिहिलंय, त्यामुळे अधूनमधून शाल-नारळ होतो. माझा परिचय करून देणारा दर वेळी वाचतो, 'प्रतिकूल परिस्थितीत शिक्षण घेतले.' ते वाक्य मीच लिहून दिलेलं आहे. त्या दोन शब्दांत मी एक अख्खा माणूस दडपून ठेवला होता.

यंदा आमच्या जुन्या विभागातून फोन आला. विभागाच्या भिंतीवर मानाच्या माजी विद्यार्थ्यांचे फोटो लावणार होते. त्यांत मी होतो. फोनवरच्या तरुण प्राध्यापक बाई अतिशय आदबीने बोलत होत्या. "सर, एक फोटो आणि छोटासा परिचय. संघर्ष असेल तर जरूर घाला, मुलांना प्रेरणा मिळते."

मी ठरवलं, नाही म्हणायचं. तोच एक प्रामाणिक मार्ग आहे असं वाटलं, आणि रविवारी ते सांगायला वडनेरला गेलो. मित्राचं हायवेला लागून ठिबकच्या नळ्यांचं दुकान आहे. तो नळीचं वेटोळं सोडत बसला होता.

"मी नाही म्हणून राह्यलो त्यायले," मी म्हणालो.

"काऊन?"

"तुले माहीत हाये काऊन."

त्याने नळी खाली ठेवली. "माह्यापाई?"

"हाव."

"वा रे वा! तवा माह्यापाई तिथं राह्यला, आन आता माह्यापाईच तिथं जात नाही. मी का तुह्या पापाचा ठेकेदार हावो का बे?"

दुकानात नळ्या घ्यायला आलेलं एक गिऱ्हाईक उगाच छताकडे बघू लागलं.

"मंग काय करू?"

"जाय ना. दे फोटो. आन लिह्य, का मी पॅरासाइट होतो. कोनाच्या खोलीत होतो, थेही लिह्य. नाही म्हनून घरी बसनं सोपं असते लेका. त्यात तुले बरं वाटते, मले काय भेटते?"

"तुहं नाव टाकू?"

"नाव नको. गाव टाक. माह्यं नाव वाचून तिथं कोनी थांबनार नाही. वडनेर वाचून एखादं आपल्याकडचं पोट्टं थांबन."

वहिनी चहा घेऊन आल्या होत्या. "आन चपलांचंबी लिहा," त्या म्हणाल्या.

त्या दुकानातल्या बाकावर बसूनच मी लिहिलं: 'पहिलं वर्ष मी वडनेर भोलजीच्या एका विद्यार्थ्याच्या खोलीत पॅरासाइट म्हणून काढलं. माझ्या चपला बाहेर राहिल्या म्हणून त्याची खोली गेली आणि शिक्षण सुटलं. मी शिकलो ते त्याच्या फरशीवर.' पुढे पदवी, नोकरी, पुस्तक. मोबाइलवरून लगेच पाठवून दिलं, विचार बदलायच्या आत.

चार दिवसांनी बाईंचा फोन. "सर, फार सुंदर लिहिलंय. फक्त सुरुवातीची तीन वाक्यं... समितीचं म्हणणं आहे की वसतिगृहात नियमबाह्य राहण्याचा उल्लेख नको. आताच्या मुलांपुढे चुकीचा संदेश जातो. त्याऐवजी 'अत्यंत हलाखीत' असं घालूया का?"

गरिबी चालत होती. पॅरासाइट चालत नव्हता.

"आणि ज्यांनी अभ्यासक्रम पूर्ण केला नाही," त्या चाचरत म्हणाल्या, "त्यांना आपण माजी विद्यार्थी म्हणत नाही ना, सर."

इतकी वर्षं मी अशा वेळी मान डोलावत आलो. त्या दिवशी डोलावली नाही. म्हणालो, "मॅडम, विद्यापीठाने मला वर्ग दिला, प्रयोगशाळा दिली, ग्रंथालय दिलं. त्यासाठी मी जन्मभर ऋणी आहे. पण झोपायला जागा दिली नाही. ती एका माणसाने स्वतःच्या जागेतून काढून दिली, आणि त्याच्याकडून तुम्ही पूर्ण जागा काढून घेतली. त्या भिंतीवर जे साहेब लोक लागणार आहेत, त्यांतल्या काहींच्या शेजारी मी सतरंजीवर झोपलोय. त्यांनाही विचारा. तीन वाक्यं राहतील, नाहीतर माझा फोटो राहणार नाही."

त्या म्हणाल्या, "मी समितीला सांगते, सर. जसंच्या तसं सांगते."

त्यांनी सांगितलं असणार. समितीने वाक्यं घेतली नाहीत आणि मी फोटो लावू दिला नाही. भिंतीचं उद्घाटन झालं, त्याचे फोटो मी मोबाइलवर पाहिले. ओळखीचे पुष्कळ चेहरे होते. कुणाच्याही परिचयात फरशी नव्हती.

मित्राला सांगितलं तेव्हा तो इतका हसला की त्याला खोकला लागला. "बे, तुले तिथंबी खाट नाही भेटली!"

मग डोळे पुसून म्हणाला, "भिंत त्यायची हाये. फाटा आपला हाये."

आमच्याकडे नोकरी लागो, वाढदिवस असो, फाट्यावर फ्लेक्स लागतोच. पुढच्या रविवारी आमचाही लागला. तो स्वतःचा फोटो द्यायला तयार नव्हता. या एका बाबतीत मी त्याचं ऐकलं नाही. वहिनींनी लग्नातला काढून दिला. दोन फोटो, एकाच मापाचे, वर ठळक अक्षरांत 'विद्यापीठाचे माजी विद्यार्थी', आणि खाली ती तीन वाक्यं, एकही शब्द न गाळता. विद्यापीठाला मान्य असो वा नसो, वडनेरच्या फाट्यावर तो माजी विद्यार्थी आहे.

याने माझं ओझं उतरलं असं मी म्हणणार नाही. त्याचं शेवटचं वर्ष काही त्या फ्लेक्सने परत येत नाही. पण आता ते ओझं मी लपवून वाहत नाही.

फ्लेक्सखाली एक म्हातारे बाबा काठी टेकून सावकाश वाचत होते. वाचून झाल्यावर त्यांनी आम्हा दोघांकडे पाहिलं. "जयभीम. हे पॅरासाइट कोनती डिग्री हाये रे?"

"लय अवघड डिग्री हाये बाबा," मित्र म्हणाला. "चपला आत ठेवा लागते."