बडनेऱ्याला धाक, मूर्तिजापूरला माया

आमच्या समोरच्या दारातल्या कंडक्टर काकूंना मूल कसं वाढवावं हे शिकवलं नाही, असा प्रवासी अमरावती ते अकोला रस्त्यावर सापडणार नाही. पाळणाघरांच्या मागणीची पत्रकं वाटत मी त्यांच्या गाडीतून वर्षभर हिंडले आहे, त्यामुळं हे छातीठोक सांगते.

गाडीत काकू वाघीण. संत्र्यांचे क्रेट सीटवर ठेवून म्हाताऱ्याला उभं करणाऱ्या व्यापाऱ्याला त्यांनी फक्त विचारलं, "क्रेटचं तिकीट काढलं का, भाऊ?" क्रेट खाली आले. पण घराच्या उंबऱ्यात याच वाघिणीची शेळी होई. दिवसभर पोरीपासून लांब राहणारी आई चांगली कशी असेल, हे कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलं होतं. मग तिकीट देता देता त्या सल्ला घेत. बडनेऱ्याला चढलेले मास्तर म्हणाले धाक हवा, की मूर्तिजापूरपर्यंत धाक. तिथं एखादी आजी चढून म्हणे, लेकराले रागावू नये, की अकोल्यापर्यंत नुसती माया. परतीच्या फेरीत शेवटचा सल्ला ज्याचा, त्याचं त्या संध्याकाळी घरात राज्य. सोमवारी टीव्ही बंद, मंगळवारी टीव्हीपुढं शिरा, बुधवारी पहाटे उठून पाढे. नऊ वर्षांची स्वरा दारातच विचारायची, "आई, आज कोन बसलं होतं?" आणि त्यावरून पुस्तक काढायचं की रिमोट, ते ठरवायची.

मी भडकायचे. त्याच गाडीच्या ड्रायव्हर भाऊंना दोन मुलं. पण लेकरं कुणाजवळ ठेवता, असं त्यांना एकानंही कधी विचारलं नाही. हे मी भर गाडीत सुनावलं, तर भाऊ शांतपणे म्हणाले, "इचारून काय फायदा, मलेच मालूम नाही."

मग एकदा काकू शाळेच्या पालकसभेला खाकी कपड्यांतच पोचल्या, आणि तोवर सभा संपली होती. त्याच संध्याकाळी त्या माझ्याकडं आल्या. "तू पत्रकं लिवतं ना बाई, मले गाडीवरची नोकरी सोडाचा अर्ज लिहून दे." दिला. इतका पडेल मजकूर मी जन्मात लिहिला नसेल.

शनिवारी शाळेला सुट्टी होती. अर्ज काकूंच्या बॅगेत, स्वरा पुढच्या सीटवर, शेजारी मी. बोरगावजवळ दोन बाया खिडकीवरून भांडायला लागल्या आणि एकीचं लेकरू रडायला लागलं. काकूंनी लेकरू कडेवर घेतलं, दोघींना एका सीटवर सरकवलं, लेकराला खिडकीत बसवलं आणि दोनदा घंटी ओढली. भांडण मिटलं, गाडी सुटली.

"आई," स्वरा म्हणाली, "इथं तं तू कोनालेच इचारत नाही. घरी बी अशीच राह्यत जाय ना."

काकूंनी बॅगेतून अर्ज काढला आणि त्याच कागदानं त्या लेकराचं शेंबडं नाक पुसलं. माझ्या कुठल्याही पत्रकाचा इतका चोख उपयोग आजवर झालेला नाही.

याला तीन वर्षं झाली. सल्ले काकू अजून ऐकतात, पण पुढच्या थांब्यावर उतरवून देतात. स्वरा आता शिकवणीला जाते. दारातला प्रश्न कधी बंद झाला, कुणाच्या लक्षातही आलं नाही. परवा काकू ड्यूटीवरून आल्या आणि खांद्यावरची बॅग न उतरवता उंबऱ्यातच थांबल्या. पोरीची मान वहीतच. काकू हळूच म्हणाल्या, "आज कोन बसलं होतं, इचार तं खरं."

स्वरानं विचारलं नाही. नुसती वही सरकवून शेजारी जागा केली.