डबीतली बोटाची खूण

माझा देवीवर राग होता, हे आधीच सांगून टाकतो. मी चौथी शिकलेला माणूस, गोडगोड लिहिता येत नाही. रेणापूरकडचं आमचं गाव. आमची मंडळी, म्हणजे बायको, वारली त्याच्या आधी तिनं लातूरहून माहूरच्या रेणुकामातेसाठी हिरवं लुगडं आणलं होतं. मार्गशीर्षाच्या पुनवेला ते वाहायचं होतं. दवाखान्यात पडल्या पडल्यासुद्धा तिला त्याचीच काळजी. मी म्हणालो, "मी नेऊन देतो की." तर म्हणाली, "तुमच्या हातानं नको. मला माझ्या हातानं द्यायचंय." तेवढंही झालं नाही. जिनं जन्मभर मंगळवार धरले, तिच्या हातचं एक लुगडं घ्यायला देवीला सवड झाली नाही, हे माझ्या मनातून जात नव्हतं.

वर्षाच्या आत देवाचा डोंगर चढत नाहीत म्हणून मागच्या साली गेलो नाही. यंदा ठरवलं की लुगडं नेऊन द्यायचं आणि तोंडावर सांगायचं, घे बाई तुझं, आपला संबंध संपला.

पण थंडी पडल्यापासून माझी जुनी डिझेल गाडी सकाळी चालू होईना. दिवे लखलखीत लागायचे, चावी फिरवली की नुसतं टक टक. उन्हं वर आल्यावर कधी कधी चालू व्हायची. मिस्त्री म्हणाला बॅटरी उतरलीय, चार्ज करून आणली. थोडे दिवस बरी चालली, परत तेच. मग त्यानं थंडीत इंजिन आधी तापवणारे हीटर प्लग बदलले. तरी तेच.

पुनव मंगळवारी आली. उजाडता उजाडता मी लुगड्याची पिशवी शेजारच्या सीटवर, तिच्या जागेवर ठेवली आणि चावी फिरवली. टक. परत फिरवली. टक. मी मोठ्यानं बोललो, "तुला नकोच हाय ना? मग ऱ्हाऊ दे." मनात पक्कं केलं की आता बसनंही जायचं नाही. लुगडं परत पेटीत टाकायचं, देव्हारा बंद करायचा, आणि मरेपर्यंत माहूरचं नाव काढायचं नाही.

तेवढ्यात फाटकात आवाज आला, "जोगवा वाढ गं माय." गळ्यात कवड्यांची माळ, हातात परडी, कपाळभर मळवट भरलेली आराधीण उभी होती. मी तिला कधी पाहिलेली नव्हती.

"माय नाही घरात. मेली. पुढं व्हा."

बाई हलली नाही. गाडीकडं बघत म्हणाली, "चालू होईना व्हय, बाबा?"

"नाही."

"टोपण उघडा बरं."

"बाई, तुम्ही जोगवा मागा. मिस्त्री दोनदा बघून गेलाय."

"त्यानं बघितलं आसंल. म्या कुठं बघितलंय?"

भांडायची ताकद नव्हती म्हणून बॉनेट उघडलं. आत बघून ती हसलीच. त्याचं असं आहे, दसऱ्याला गाडीची पूजा आमची मंडळी करायची. यंदा मी केली. गाडीचा जीव बॅटरीत, असं धरून मी तिला पाण्यानं न्हाऊ घातलं, वर नारळाचं पाणी शिंपडलं आणि दोन्ही टोकांवर मूठमूठ हळदीकुंकू दाबलं. आता त्याच्याखाली पांढरं-हिरवं फूल चढलं होतं, मिठासारखं.

"ह्या बॅटरीचा मळवट कुणी भरला? येवढा तर मला बी न्हाई." तिनं वायरची पकड हलवली, ती पडायला आलेल्या दातासारखी डुगडुगली. "दिव्याला जरासा करंट पुरतो. इंजिन फिरवायला लई लागतो, त्यो ह्या घाणीतून जाईना. थंडीत तर मुळीच न्हाई."

"तुम्हाला कसं ठावं?"

"मालक काळी-पिवळी जीप चालवायचे. हिवाळ्यात चुलीवरचं पयलं पाणी गाडीला, मंग आमाला."

मी कढत पाणी आणि खायचा सोडा आणला. तिनं सांगितलं तशी आधी काळी वायर सोडली, मग लाल. सोड्याचं पाणी ओतल्यावर सगळं फसफसलं आणि वाहून गेलं. पुसलं, पॉलिश पेपरनं घासलं, पान्यानं गच्च आवळलं. मग ती म्हणाली, "आता वरून वंगण चोपडा, न्हाई तर परत फूल चढंल." माझ्याकडं वंगण कुठलं? "मग पायाच्या भेगांचं मलम तरी आसंल की घरात."

होतं. कोनाड्यात आमच्या मंडळीची डबी तशीच होती. ती गेल्यापासून मी तिच्या कुठल्याच वस्तूला हात लावला नव्हता. झाकण उघडलं. कापराचा वास आला. मलमात मधोमध तिच्या बोटाचा खड्डा होता, शेवटचं घेतलं तेव्हाचा. बाहेरून हाक आली, "बाबा, घावलं का?" मी डोळे मिटले आणि त्याच खड्ड्यात बोट घातलं.

मलम चोपडलं, हात कसेबसे फडक्याला पुसले, चावी फिरवली. पहिल्या फटक्यात इंजिन धरलं. वैशाखात चालावी तशी गाडी चालू होती.

मी सुपात ज्वारी आणून तिच्या परडीत वाढली. आजवर हे काम मी कधी केलं नव्हतं. म्हणालो, "माय, बसा गाडीत. माहूरला चाललोय." ती म्हणाली, "माझी घरं ऱ्हायलीत अजून. तुमी निघा, उशीर करू नगा." आणि पुढच्या दाराला गेली. ती कोण, कुठली, हे मी नंतर हुडकलं नाही. काळी-पिवळीवाल्याची बायको होती, तिनंच सांगितलं. मला तेवढं पुरे आहे.

नांदेडवरून माहूरला पोचेपर्यंत मी मनात तेच घोकत होतो, घे तुझं, संबंध संपला. गाभाऱ्यापाशी पिशवीतून लुगडं काढून पुजाऱ्याच्या हातात दिलं. तो थांबला. "बाबा, काठाला कशाचा तरी डाग पडलाय." मी बघितलं. हिरव्या काठावर बोटाएवढा तेलकट डाग होता, आणि त्याला कापराचा वास येत होता. सकाळी पिशवी सरकवताना वर आलेल्या काठाला माझं बोट लागलं असणार. माझ्या तोंडून एवढंच निघालं, "तिच्या हातचा हाय." पुजाऱ्यानं काय समजून घेतलं देव जाणे. काही न विचारता त्यानं लुगडं आईच्या अंगावर घातलं.

घोकलेलं एक अक्षर आठवलं नाही. मी नुसता हात जोडून उभा राहिलो, मागच्या लोकांनी ढकलेपर्यंत. तिच्या हातानं द्यायचं राहून गेलं म्हणून मी देवीशी भांडत आलो होतो, आणि देवीनं ते तिच्याच हातचं करून घेतलं. कुणाचं, कधी, कुणाच्या हातून घ्यायचं हे तिचं तिला कळतं. आपण गाडी पुसावी, वायर आवळावी आणि चावी फिरवावी. पुढचं तिच्याकडं.

आता कुंकू बॉनेटवर, बाहेरून, बोटभर लावतो. थंडीत गाडी कुरकुरत नाही. डबी परत कोनाड्यात ठेवली आहे. रात्री पायांना मलम लावतो. खड्डा थोडा खोल झालाय. त्यात आता तिचं बोट किती आणि माझं किती, मला सांगता यायचं नाही.