राजूरची दुसरी वाट

राजूरच्या दीपा तामगाडगेला कुणी सांगितलं असतं की बाई, नसती ब्याद गळ्यात घेऊ नको, तर तिनं ऐकलं असतं असं समजू नका. ऐकणारी असती तर ही गोष्टच झाली नसती.

वणीत सदाशिवरावांची इंटरनेटची छोटी कंपनी. दीपा तिथं तक्रारींचे फोन घ्यायची. नागपूरहून येणारी एकुलती एक केबल जेसीबीनं तोडली की वणी बंद, आणि वणीवरूनच पुढे गेलेलं राजूरही बंद. मग गाववाले शिव्या देणार कुणाला? घरच्या पोरीला! त्या ऐकून ऐकून दीपा नेटची वाट ठरवणारे राउटर चालवायला शिकली. खरं सांगायचं तर रागानं शिकली.

मग तिनं मालकामागे भुणभुण लावली. मारेगावच्या उत्तमसिंग राठोडांची लाइन वेगळ्या रस्त्यानं येते. त्यांच्याशी जोडून घेऊ. आपली तुटली तर त्यांच्याकडून चालेल, त्यांची तुटली तर आपल्याकडून.

आता उत्तमसिंग म्हणजे सदाशिवरावांचे धंद्यातले वैरी. "घरचं झालं थोडं, अन् व्याह्यानं धाडलं घोडं!" म्हातारा मालक करवादला. पण शेवटी कबूल झाला. "करून पाह्य. फसलं तर सगळं नेटवर्क सांभाळायले नागपूरच्या ठेकेदाराकडं, अन् तू परत फोनवर."

मारेगावची लाइन जोडल्यावर चाचणीच्या दुपारी दीपानं स्वतःच्या हातानं नागपूरची केबल काढली. दोन कंपन्यांचे राउटर एकमेकांना रस्ते सांगतात, त्याला बीजीपी म्हणतात. ते सांगणं बिनबोभाट चाललं होतं. वणी चालू राहिली. दीपानं मोठ्या हौसेनं राजूरला आईला मोबाइल लावला.

"माय व, काहीच नाही चालून राह्यलं," मथुराबाई म्हणाल्या. "निस्तं गोल गोल फिरून राह्यलं."

दीपानं मालकाकडे वळून पाहिलं. "राठोडकाकाकडूनच गडबड असन," ती बोलून गेली. सदाशिवरावांना तेवढंच पाहिजे होतं. त्यांनी फोन लावून उत्तमसिंगांना धू धू धुतलं.

उत्तमसिंगांनी सगळं ऐकून घेतलं. "भाऊ, वणी माह्याच लाइनवर चालून राह्यली ना? मंग राजूर काहून नाही?"

नाचता येईना, अंगण वाकडं! दीपाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं वणीत बसूनच राजूरचा राउटर उघडून पाहिला. रस्ते सगळे पोचले होते. पण प्रत्येक रस्त्याचा पुढचा मुक्काम म्हणून उत्तमसिंगांच्या राउटरचा पत्ता लिहिलेला, आणि त्या पत्त्याची राजूरला ओळखच नाही. नागपूरच्या लाइनचा पत्ता त्या नागपूरच्या ठेकेदारानं कधीकाळी राजूरला सांगून ठेवला होता, म्हणून आजवर निभावलं. लग्नाची पत्रिका हाती आहे, पण नवरीचं गाव कुठल्या दिशेला ते ठाऊक नाही. वऱ्हाड निघणार कसं?

उत्तमसिंगांचा पत्ता राजूरला शिकवता आला असता. पण उद्या त्यांनी तो बदलला की पुन्हा बोंब. त्यापेक्षा वणीच्या राउटरनं राजूरला सांगावं, पुढचा मुक्काम मीच. माझ्यापर्यंत आणा, पुढचं मी पाहतो. त्यासाठी एका ओळीचा हुकूम असतो, नेक्स्ट-हॉप-सेल्फ.

गुपचूप लिहून टाकता आली असती ती ओळ. सगळं खापर मारेगाववर राहिलं असतं. दीपानं खुर्ची वळवली.

"काकाजी, चूक माही होती. त्यायची नाही. आता नागपूरच्या ठेकेदाराले फोन लावा, नाही तर मले एक ओळ लिहू द्या."

सदाशिवरावांनी फोन बाजूला सरकवला.

"लिही," ते म्हणाले. "अन् मंग राठोडले तूच फोन कर. मले लाज वाटते."

थोड्या वेळानं मथुराबाईंचा फोन आला. "आलं व पोरी, आलं!" दीपा तिथंच डोळे पुसत हसली.

पुढच्याच महिन्यात जेसीबीनं केबल पुन्हा तोडली. सदाशिवरावांना कळलं तेही उत्तमसिंगांच्या फोनवरून. "तुमचा सारा लोड माह्याकडं येऊन राह्यला," ते म्हणाले.

"राठोडभाऊ, मले नका सांगू आता," सदाशिवराव म्हणाले. "दीपाले सांगत जा. पुढचं तिच्याकडं." आणि त्यांनी फोन तिच्या हातात दिला.

तक्रारींचा फोन मात्र दिवसभर वाजला नाही. बंद तर पडला नाही ना, म्हणून दीपानं संध्याकाळी तो उचलून कानाला लावला. चालू होता.