नोव्हेंबरात ये, म्हणाली होती

ओहायोतल्या डब्लिनमध्ये आम्ही राहायला आलो ते २००२ साली. नवऱ्याला नोकरी आणि मला डिपेंडंट व्हिसा, म्हणजे काम करायला परवानगी नाही. पुण्यात सात वर्षं बँकेचं काउंटर सांभाळलेली मी दुपारभर खिडकीत बसून पार्किंग लॉटमधल्या गाड्या बघायची. आमच्या खालच्या अपार्टमेंटमध्ये एक जपानी जोडपं होतं. जवळपास गाड्यांचे कारखाने असल्यामुळे त्या भागात जपानी कुटुंबं बरीच होती. तिचा नवरा चार वर्षांसाठी आलेला, आणि ती माझ्यासारखीच घरात अडकलेली. लायब्ररीत फुकट इंग्लिश शिकवायचे, तिथे आम्ही दोघी चालत जायला लागलो. दोघींचंही इंग्लिश यथातथाच, त्यामुळे एकमेकींचं बोलणं मात्र चांगलं समजायचं.

ती बेप्पू नावाच्या गावची. तिच्या आईचं तिथे सहा खोल्यांचं छोटंसं लॉज होतं. त्या गावात म्हणे जमिनीतूनच उकळतं पाणी येतं. गटारांच्या झाकणांतून वाफा निघतात, लोक त्या वाफेवर अंडी आणि रताळी शिजवतात, समुद्रकाठी म्हाताऱ्या माणसांना गरम वाळूत मानेपर्यंत पुरून ठेवतात. एक तळं लालभडक, एक निळंशार. त्या तळ्यांना ते लोक नरक म्हणतात आणि तिकीट काढून बघायला येतात.

"नरक बघायला तिकीट?" मी म्हटलं. "आमच्या वज्रेश्वरीला गरम पाण्याची कुंडं आहेत, तिथे वर देवीचं दर्शनही होतं."

पण बेप्पूला अंगावर एकही कपडा न ठेवता, चारचौघींसमोर आंघोळ करायची असते हे ऐकल्यावर मी कानांना हात लावले. मी साडी नेसून उतरेन असं जाहीर केलं. ती तोंडावर हात ठेवून इतकी हसली की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

दिवाळीला मी तिला तेल लावायला शिकवलं, उटणं दिलं आणि सूर्योदयाआधी आंघोळ करायची सक्त ताकीद दिली. तिने अक्षरशः पहाटे साडेचारला नळ सोडला, सगळ्या बिल्डिंगला ऐकू गेला. डिसेंबरात वर्षातल्या सर्वांत लहान दिवशी ती पिशवीभर लिंबं घेऊन वर आली. त्या दिवशी त्यांच्याकडे युझू नावाची फळं गरम पाण्यात सोडून आंघोळ करतात, म्हणजे थंडीभर सर्दी होत नाही. ओहायोत युझू कुठलं मिळायला? आमच्या टबात पिवळी लिंबं तरंगली. फेब्रुवारीत त्यांच्या रिवाजाप्रमाणे भाजलेले सोयाबीन दारातून बाहेर फेकून आम्ही दोघींनी दोन्ही घरांतली इडापिडा घालवली, आणि मग आपापल्या वयाइतके दाणे मोजून खाल्ले. तिचे माझ्याहून चार कमी भरले. मला बहीण नाही. ती कशी असते हे मला त्या तीन वर्षांत कळलं, आणि हे मी तिला कधी बोलून दाखवलं नाही.

२००५ च्या मार्चमध्ये तिच्या नवऱ्याची मुदत संपली. एअरपोर्टवर ती वाकून नमस्कार करत होती आणि मी तिला ओढून मिठी मारत होते, त्यात आमची डोकी आपटली. "बेप्पूला येईन," मी म्हटलं. "नक्की."

मग सुरू झाल्या माझ्या सबबी. आधी व्हिसाचं लफडं, देशाबाहेर पडलो तर परत येताना शिक्का मिळेल की नाही याची धास्ती. मग भारताची फेरी आणि त्यात सगळ्या सुट्ट्या संपलेल्या.

"अगं, माझी लीव्हच उरली नाहीये यार," नवरा म्हणायचा. "नेक्स्ट इयर पक्कं करू."

दर नवीन वर्षाला तिचं कार्ड यायचं. छापील जपानी मजकूर, आणि खाली तिच्या बारीक अक्षरात इंग्लिशची एक ओळ. पाणी गरम आहे, कधी येतेस?

२००७ मध्ये ग्रीन कार्ड आलं, सबबी संपल्या. सप्टेंबरात तिचा फोन आला. आवाज जरा बसलेला वाटला, मी विचारलं, तर म्हणाली थोडं बरं नाही. मी म्हटलं, "आम्ही एप्रिलमध्ये येतोय, चेरीच्या बहराला."

ती म्हणाली, "नोव्हेंबरात ये. पानं लाल होतात. फार सुंदर दिसतं."

"नोव्हेंबरात दिवाळी आहे," मी म्हटलं. इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळीत यंदा फराळाची प्रमुख मी होते. तीनशे माणसांचा फराळ, तोही माझ्या देखरेखीखाली. मला त्याचा केवढा अभिमान! हे सगळं मी तिला रंगवून सांगितलं.

"हो, दिवाळी," ती म्हणाली. "एप्रिल थोडा लांब आहे."

"कुठे लांब! आला की," मी म्हटलं, आणि आम्ही फोन ठेवला.

डिसेंबरच्या मध्यावर कार्ड आलं. या वेळी लवकर, आणि वेगळं. फिकट राखाडी रंगात कमळाचं चित्र, मजकूर पातळ शाईत छापलेला. तिची इंग्लिश ओळ नव्हती. मला रागच आला. एक ओळ लिहायला काय झालं होतं हिला? पण चित्र सुंदर होतं, म्हणून मी ते फ्रिजवर लावलं. त्याच आठवड्यात तिकिटं काढली आणि उत्तरादाखल मोठं भडक लाल-सोनेरी कार्ड पाठवलं. हॅपी न्यू इयर. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात येतेय. अंडी वाफेवर ठेव, साडी बॅगेत भरलीय. खाली फुगे काढले. चाळिशीला आलेल्या बाईने फुगे काढले.

संक्रांतीनंतर मी हळदीकुंकू केलं. कॉम्प्लेक्समध्ये नव्याने आलेल्या एका जपानी बाईलाही बोलावलं होतं. हातात तिळगूळ घेऊन ती फ्रिजपाशी थांबली आणि तिथेच उभी राहिली.

"हे कुणाकडून आलंय?" तिने विचारलं.

"माझ्या मैत्रिणीकडून. न्यू इयरचं."

"नाही," ती हळूच म्हणाली. मग तिने मला बेडरूममध्ये नेऊन बसवलं, परक्या घरात, तिनेच. घरात कुणी गेलं असलं तर ते लोक नवीन वर्षाच्या शुभेच्छा देत नाहीत आणि घेतही नाहीत. म्हणून डिसेंबरातच असं कार्ड पाठवून सगळ्यांना तसं कळवतात. पाठवणाऱ्याचं नाव माझ्या मैत्रिणीच्या नवऱ्याचं होतं. गेलेल्या माणसाचं नाव तिचं. नोव्हेंबरमध्ये, वय छत्तीस.

बाहेर बायका हसत होत्या, वाण वाटायचं राहिलं होतं. मी बाहेर आले आणि वाण वाटलं. का, कसं, मला माहीत नाही. शेवटची बाई गेल्यावर मी मोठमोठ्याने रडले. मला तिचा भयंकर राग आला होता. सरळ सांगायचं नाही का, बाई? मी मरतेय, ये, असं म्हणायला काय धाड भरली होती? पानं लाल होतात म्हणे! मग माझ्या कार्डावरचे फुगे आठवले. सुतक असलेल्या घरात जाऊन पडलेले.

नवरा घरी आला तेव्हा मी तशीच जमिनीवर बसले होते. तिच्या नवऱ्याला माफीचं पत्र त्यानेच लिहून दिलं, मी फक्त सही केली.

फेब्रुवारीच्या शेवटी तिच्या नवऱ्याचं उत्तर आलं. शब्दकोशातून शोधून लिहिल्यासारखं इंग्लिश. माझ्या कार्डाबद्दल त्याने आभार मानले होते, तिच्या फोटोपुढे ते ठेवलंय म्हणाला. ती मार्चपासूनच हॉस्पिटलमध्ये होती. कुणाला सांगायचं नाही असं तिनेच ठरवलं होतं. नोव्हेंबरच्या सुरुवातीला डॉक्टरांनी तिला एक आठवडा आईकडे जायला परवानगी दिली. माझी दिवाळी आहे हे ठाऊक असूनही तिने आईला एक खोली राखून ठेवायला सांगितलं होतं. कदाचित येईल, म्हणाली. लाल पानांचे दिवस, वर्षातली सगळ्यात गर्दीची वेळ. आईने दाराशी आलेली माणसं परत पाठवली आणि आठवडाभर ती खोली रिकामी ठेवली. रोज संध्याकाळी तिथे गादी घालायची आणि सकाळी उचलायची.

पत्राच्या शेवटी त्याने लिहिलं होतं की एप्रिलमध्ये जरूर या, आई वाट बघतेय.

"जाऊ या," नवरा म्हणाला. "निदान त्यांना भेटून येऊ. तिकिटं आहेतच."

मी तिकिटं कॅन्सल करायला लावली. त्या म्हातारीने माझ्यासाठी सात रात्री गादी घातली होती. तिने आठव्यांदा घातली असती, आणि त्या गादीवर पाठ टेकायचं धाडस माझ्यात नव्हतं. अजूनही नाही.