अमेरिकेतले खटले जिंकणारा वकील

दुबईपलीकडच्या रास अल खैमात कामाला आलेल्या माणसांपैकी सगळ्यात जास्त खटले आमच्या खालच्या मजल्यावरच्या वकिलानं जिंकले, आणि त्यातला एकही त्याचा नव्हता. वकील म्हणजे आपला म्हणायचा. दापोलीकडचा माणूस. मुंबईत रात्रीच्या कॉलेजात कायदा शिकला, काळा कोट शिवला, आणि तो अंगात घालायच्या आधीच सिमेंटच्या कारखान्यात ट्रक मोजायला तिकडे गेला. व्हिसावर क्लार्क, बिल्डिंगमध्ये वकील. मी चौथी शिकलेली बाई. मुलगा-सून दोघंही नोकरीला, म्हणून नातीला, मुग्धाला, सांभाळायला नव्वद सालानंतर तिकडे जाऊन राहिले होते. मला कायद्यातलं काही कळत नाही, पण माणूस बोलतो किती आणि करतो किती, तेवढं कळतं.

त्याचं कायद्याचं सगळं ज्ञान एका पुस्तकातून आलेलं. कारखान्यातला कुणी अमेरिकन इंजिनियर बिऱ्हाड आवरून परत गेला, तेव्हा आपल्या मास्तरीण बायकोची पुस्तकं कचऱ्याच्या डब्याशेजारी ठेवून गेला. त्यातलं उशीएवढं जाड एक यानं उचलून आणलं. अमेरिकेतल्या सरकारी शाळांवर तिथल्या मुलांनी घातलेल्या खटल्यांचं पुस्तक. दुसऱ्या कुणी रद्दीत घातलं असतं, यानं पाठ केलं. शुक्रवारी नमाज झाली, बिर्याणी झाली, की हा गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसायचा आणि भोवती बिल्डिंगमधली पोरं. एकाला उलट्या बादलीवर जज म्हणून बसवायचा आणि ती अमेरिकन मुलं जणू मागच्या गल्लीत राहतात अशा थाटात खटला सांगायचा. युद्ध नको म्हणून दंडाला काळी पट्टी बांधून शाळेत गेलेल्या मुलांचा खटला त्याचा सगळ्यात लाडका. शाळेनं त्यांना घरी हाकललं, ती भांडत भांडत तिथल्या सगळ्यात मोठ्या कोर्टापर्यंत गेली आणि जिंकली. इथवर आला की हा उठून उभाच राहायचा. "फाटकाच्या आत गेलात म्हणून मुके होत नाही तुम्ही! समजलं?" पोरं ओरडायची, "येस, वकील अंकल!" मी कपडे वाळत घालता घालता म्हणायचे, "अरे, आधी पाढे तरी येऊ देत त्यांना." तो म्हणायचा, "काकी, तुम्ही कायम विरुद्ध पक्षात."

घरातही तेच. बायकोनं एकदा मुलीचं, नाझनीनचं, दप्तर तपासलं आणि आत लिपस्टिक सापडली. दुसऱ्या बापानं मुलीला झापलं असतं, यानं बायकोलाच विचारलं, "तपासणीला कारण काय होतं?" मी दही विरजायला विरजण मागायला गेलेली, मलाही सोफ्यावर बसवून घेतलं. मग अमेरिकेतल्या कुठल्याशा मुलीची पर्स शाळेनं सिगारेटच्या संशयावरून उघडली होती, तो खटला ऐकवला. त्यात कोर्टानं शाळेची बाजू धरलेली, म्हणून यानंही तोंड पाडून बायकोच्या बाजूनं निकाल दिला. बायको म्हणाली, "खलास ना? मग यल्ला, चला, दूध घेऊन या." भाजीवाला, टॅक्सीवाला, पाण्याचा टँकरवाला, सगळ्यांना हा नोटीस पाठवणार असायचा. कुणाला गेली नाही. आमचा पठाण वॉचमन तर याला लांबून पाहूनच ओरडायचा, "वकील साब, आज मेरे ऊपर केस है क्या?"

आम्ही सगळेच हसायचो. खरं मानलं ते फक्त पोरांनी.

नाझनीन नववीत असताना शाळेनं त्यांच्या हिंदीच्या बाईंना वर्षाच्या मधेच काढून टाकलं. बाई गरोदर होत्या, बाळंतपणाची रजा मागितली, एवढाच गुन्हा. दुसऱ्या दिवशी नाझनीन दंडाला काळी पट्टी बांधून शाळेत गेली. तिच्या मागून आमची मुग्धा, तशीच. दोघींच्या घरून माणसं बोलावली. मुलगा-सून ड्युटीवर, म्हणून मी गेले. वकिलानं इस्त्रीचा शर्ट घातला, पुस्तक काखेत मारलं आणि शाळेच्या फाटकापर्यंत मला खटला ऐकवत आला. ऑफिसच्या दारात दोघी उभ्या होत्या. बापाच्या काखेतलं पुस्तक पाहून नाझनीनचा चेहरा असा उजळला की मला तिथेच कसंसं झालं.

प्रिन्सिपॉलनं बसा म्हटलं नाही. वकिलानं टेबलावर पुस्तक उघडलं आणि इंग्रजीत सुरुवात केली. प्रिन्सिपॉलनं थोडं ऐकून घेतलं आणि हात लांब करून पुस्तक मिटलं. "ये सरकारी स्कूल के केस हैं, वो भी अमेरिका के. ये प्राइवेट स्कूल है, और ये रास अल खैमा है. दोनों लडकियां असेंब्ली में माफी मांगें, नहीं तो टीसी ले जाइए." मग अगदी हळू आवाजात, "आप सीमेंट फॅक्टरी में हैं ना? आपके मॅनेजर हमारी कमिटी पर हैं."

मी मुग्धाची पट्टी सोडली आणि "सॉरी म्हण" म्हटलं. ती म्हणाली. मला तिला शिकवायचं होतं, खटला नव्हता घालायचा. मी वकिलाकडे बघत राहिले. सरकारी आणि खाजगी शाळेतला फरक त्या जाड पुस्तकात असणारच, आणि पुस्तक तर त्याला पाठ होतं. गच्चीवर तेवढंच सांगायचं राहिलं होतं. त्यानं हात जोडले. "सॉरी सर. बच्ची है. मैंने ही मजाक में कुछ बताया होगा."

"अब्बा, इट वॉजन्ट अ जोक," नाझनीन म्हणाली. त्यानं तिला विनवलं, मग दरडावलं, मग सगळ्यांदेखत तिच्या दंडावरची पट्टी ओढायला गेला. तिनं पट्टीवर दुसरा हात घट्ट धरला. "आय वोन्ट." दाखला हातात पडला. वर्षाच्या मधे दुसरी कुठली शाळा घेईना आणि पुढच्या साली दहावी. तेव्हा नाझनीननं दापोलीला आजीकडे राहून शिकायचं ठरलं. नोकरी राहिली, मुलगी गेली. त्या आठवड्यात मी त्या माणसाला मनातल्या मनात खूप शिव्या दिल्या आणि त्यातली एकही मागे घ्यावी असं मला अजून वाटत नाही.

ती निघाली तेव्हा मी खाली टॅक्सीपर्यंत गेले. तिची आई रडत होती. वकील डिकीत बॅग ठेवत होता, काढत होता, आडवी करून पुन्हा ठेवत होता. "इन्शाल्ला, सुट्टीत येतोच मी," असं कुणी न विचारता म्हणत होता. शाळेतून आल्यापासून नाझनीन त्याच्याशी बोलली नव्हती. टॅक्सीत बसल्यावर तिनं काच खाली केली आणि एरवी इंग्रजीशिवाय तोंड न उघडणारी ती पोर मराठीत बोलली.

"अब्बा, ती पट्टीवाली मुलं लहान होती ना? मग त्यांच्यातर्फे केस कुणी घातली?"

कुणी वकिलानं, कुणी संस्थेनं, काहीही सांगता आलं असतं. तिनं काही ते पुस्तक वाचलं नव्हतं. टॅक्सीवाला यल्ला यल्ला करत होता.

"त्यांच्या वडिलांनी," तो म्हणाला.

तिनं मान हलवली आणि काच वर केली. टॅक्सी वळून दिसेनाशी झाली, बायको डोळे पुसत वर गेली, तरी हा उन्हात तसाच उभा. मला कुणाची समजूत काढता येत नाही. म्हटलं, "चल वर, चहा टाकते."

"नको काकी," तो म्हणाला. "घरी मुग्धा असेल. तिनंही विचारलं तर?"