पत्रकात न आलेले नाना

नानांच्या उजव्या हाताची तीन बोटं कायम शेंदरी असायची. नवख्या माणसाला वाटायचं, मोठे मारुतीभक्त दिसतात. मारुतीचा काही संबंध नव्हता. तो शेंदूर ट्रकच्या डिफरन्शियलचा. मागच्या दोन चाकांच्या मधोमध जो लोखंडी गोळा असतो, त्यात एक मोठं आणि एक लहान दातेरी चाक एकमेकांत फिरतं. मोठं ते क्राऊन, लहान ते पिनियन. ही जोडी बदलली की नाना तेलात कालवलेला शेंदूर क्राऊनच्या दातांना फासत, हाताने चाक फिरवत आणि उमटलेला ठसा बघत बसत. ठसा दाताच्या मधोमध आला तर जोडी बसली. कडेला गेला तर सगळं पुन्हा खोलायचं. "देवळात पाय नाय यांचा," काकू म्हणायच्या, "आन् शेंदूर बगा किती लागतो घरात!"

पनवेलमध्ये गॅरेजं काय कमी होती? थेट कळंबोलीपर्यंत रांग होती. नाना मिठागरवाल्याचा मुलगा, लोखंड बाजारातून सळया वाहणाऱ्या एका ट्रकचे मालक आणि त्याचेच ड्रायव्हर. पण हे काम ते स्वतःच्या अंगणात, तीन बांबूंच्या तिकाटण्याला चेनपुली टांगून, काकूंच्या मदतीने करत. कारण एकच. "गॅरेजवाला बसवतो न् घरी जातो. खिंडीत गाडीत मी असतो."

एक शब्द त्यांना खपत नसे. 'चालेल.' कोणी म्हणालं, नाना, हे चालेल, की लगेच, "चालेल म्हंजे काय? चालतं का नाय, त्ये सांग." मला हे फार आवडायचं. मी तेव्हा चळवळीची पत्रकं काढत होतो, आणि सरकारी कचेऱ्यांतल्या 'चालेल'वर माझी अर्धी पत्रकं निघत होती.

नव्वदनंतरची गोष्ट. आपट्याकडच्या एका वाडीचं गुरचरण एका कारखान्याला द्यायचं घाटत होतं. सुनावणी पनवेलला, सकाळी साडेअकराला. नोटिशीत स्पष्ट छापलं होतं, गैरहजर राहिल्यास एकतर्फी निकाल. म्हणजे काय, हे मी विचारतो! वाडीत एस.टी. जात नाही, चाळीस माणसं, त्यात निम्म्या म्हाताऱ्या बायका, आणि कारखान्याच्या धाकाने एकही ट्रकवाला हो म्हणायला तयार नाही. नाना म्हणाले, "मी आनतो." फक्त गाडीचं क्राऊन-पिनियन कण्हत होतं. त्यांनी नवी जोडी आणली आणि आदल्या दुपारीच गोळा खाली उतरवला.

सकाळी सहाला मी अंगणात पोचलो. गोळा लाकडी ओंडक्यावर उघडा पडलेला. नानांनी शेंदूर लावला, चाक फिरवलं. ठसा कडेला. त्यांनी पिनियन काढलं, मागे पातळ पत्र्याच्या चकत्या घातल्या, पुन्हा बसवलं. तासभर गेला. ठसा कडेलाच. चकत्या काढल्या. पुन्हा तेच. साडेसात झाले. गोळा वर चढवायला अजून दीड तास, मग वाडी गाठायची, माणसं चढवायची, परत यायचं.

"नाना, कडेला का होईना, पण ठसा येतोय ना? एक खेप चालेल. संध्याकाळी खोला परत."

नानांनी मान वर केली नाही. "मागं किती मानसं बसवनार हायस?"

"चाळीस."

"आन् येताना कर्नाळ्याची खिंड उतरायची."

मी भडकलो. "तिकडे वाडीचं गुरचरण जाईल तुमच्या एका ठशापायी! खरं सांगा, कुणी दम दिलाय का तुम्हाला?"

काकूंच्या हातातला रॉकेलचा डबा तसाच थांबला. नाना त्यांना म्हणाले, "वत इकडं." त्यांनी दोन्ही चाकं घासून पुसली आणि उजेडात धरली. ही चाकं कारखान्यातच जोडीने घासून निघतात, दोघांवर एकच नंबर कोरलेला असतो. इथे क्राऊनवरचा नंबर सातावर संपत होता, पिनियनवरचा चारावर. दुकानदाराने दोन जोड्यांची चाकं एका खोक्यात घातली होती.

"पत्रक काढतो त्या दुकानदारावर!" मी ओरडलो.

"काढ सावकाश. नंबर मी पयला बगायला पायजे होता. घाईत र्‍हायला." मग जुन्या क्राऊनचे तुटलेले दोन दात दाखवत म्हणाले, "ही जुनी पन बसवता येत नाय. दुकान उघडाया धा वाजतील. पळ. फाट्यावर एस.टी. थांबते. जेवढी मानसं येतील तेवढी आन."

फाट्यापर्यंत नऊ माणसं चालू शकली. आम्ही कचेरीत शिरलो तेव्हा बारा वाजून गेले होते आणि वाडीच्या नावापुढे 'गैरहजर' लिहून झालं होतं.

दुसऱ्याच दिवशी माझं पत्रक निघालं. 'ऐन वेळी एका ट्रकमालकाने वाडीच्या पाठीत सुरा खुपसला.' नाव नव्हतं. पनवेलात कुणाला कळायचं राहिलं?

तिसऱ्या दिवशी नाना माझ्या खोलीवर आले. एका हातात पत्रक, दुसऱ्यात ते पिनियन. मी भांडायच्या तयारीत. ते म्हणाले, "पुढारी, यात दोन ओळी र्‍हायल्या. नंबर मी बगितला नाय, ही एक. तू चालेल म्हनालास, ही दुसरी." मग पिनियन पत्रकांच्या गठ्ठ्यावर ठेवलं. "असू दे. उडतात तुजी पत्रकं."

मी त्या ओळी छापल्या नाहीत. चळवळीला धक्का लागेल, असं स्वतःला समजावलं. कचेरीतला माणूस हेच तर करतो!

पुढे अपील झालं. प्रत्येक तारखेला नानांचाच ट्रक वाडीवर जायचा. आत नंबर जुळलेली जोडी, मागे चाळीस माणसं आणि त्यांच्यात दोर धरून उभा मी. खिंडीच्या उतारावर सगळे बोलायचे, मी मागच्या चाकांचा आवाज ऐकत राहायचो. ती कधी कण्हली नाहीत. अपिलात निम्मं गुरचरण वाचलं. नाना त्या पत्रकाबद्दल पुन्हा एक शब्द बोलले नाहीत.

गेल्या वर्षी नाना गेले. ट्रक कळंबोलीला भंगारात गेला. काकूंनी शेंदराचा डबा अखेर मारुतीच्या देवळात नेऊन दिला. पिनियन अजून माझ्या गठ्ठ्यावर आहे.

तर, वाडीच्या लोकांनो आणि पनवेलकरांनो, त्या पत्रकात राहिलेल्या दोन ओळी. नंबर नानांनी पाहिला नव्हता, आणि ते त्यांनी त्याच मिनिटाला कबूल केलं. 'चालेल' मी म्हणालो होतो.